कासवाचा पिवळा पाय

नीरजाअक्कांच्या छापचित्रांत माणसं नसतात, प्राणी असतात. सासूबाई टिटवी, कारण त्या ओरडल्या की सगळं घर जागं व्हायचं. मुलगा श्रीहर्ष म्हणजे खार. नवरा नरसिंहराव मात्र देवळातलं कासव. "काही झालं तरी पाय आत घेऊन गप्प," असं अक्का म्हणतात.

राजाजीनगरच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली. मी सॉफ्टवेअर तपासते आणि दर शनिवारी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मारतहळ्ळीहून त्यांच्याकडे शिकायला जाते.

त्यांची पद्धत मला धडकी भरवते. लाकडाचा ठोकळा एकच. आधी सगळ्या कागदांवर पिवळा रंग छापायचा. मग जे पिवळं राहायला हवं ते कोरून काढायचं आणि त्याच ठोकळ्यानं वर तपकिरी छापायचा. आमच्या कामात चूक झाली तर जुनी फाइल परत आणता येते. इथे कोरलेलं परत येत नाही.

त्या शनिवारी नरसिंहरावांचं ऑपरेशन होतं. मधुमेहानं डावा पाय काळा पडला होता. तो ठेवायचा की घोट्यापासून काढायचा, ते डॉक्टर आत गेल्यावरच ठरवणार होते. श्रीहर्षनं आईला घरी पाठवलं होतं, तिचा चेहरा बघून बाबा घाबरतात म्हणून.

ठोकळ्यावर कासवच होतं आणि पिवळा छापून झाला होता. अक्कांनी पटाशी माझ्या हातात दिली. "सिद्धी, तू कोर. पाठीवरच्या रेघा फक्त. स्वल्प सावकाश." त्यांच्या कानडीत स्वल्प म्हणजे थोडं.

रेघा झाल्या. पायावरही दोन कोराव्यात असं मला वाटलं. पटाशी घसरली आणि कासवाचा मागचा पाय सबंध निघाला.

"उजवा आहे, अक्का," मी घाईनं म्हणाले.

"छापल्यावर उजव्याचा डावा होतो."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. अक्का भिंतीला टेकल्या. "तू घे."

"दोन बोटं गेली," श्रीहर्ष म्हणाला. "पाय राहिला. आईला दे."

मी सांगितलं. अक्का खाली बसल्या. फोन घेऊन त्यांनी श्रीहर्षकडून सगळं पुन्हा ऐकून घेतलं. मग उठून ठोकळ्यावर तपकिरी शाईचा रूळ फिरवला आणि पिवळ्या कागदावर एक छाप घेतली. तपकिरी कासवाचा डावा पाय तेवढा पिवळा, पण होता.

"बोटं दोन जास्त आहेत," त्या म्हणाल्या.

शेवटचा काळा रंग अजून बाकी आहे. ठोकळा त्यांनी जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात ठेवलाय. नरसिंहराव जिना चढून घरी येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.