न टोचलेलं बोट

सन २०२३. माझं वय बहात्तर. डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता, पण दुखत नव्हता, म्हणून मी निर्धास्त होतो. सून सुवर्णा मागे लागली नसती तर दवाखान्यात गेलोच नसतो.

सर्जन बाईंनी अंगठ्याला काहीतरी केलं आणि विचारलं, "काका, कळतंय?"

मी म्हटलं, "काय कळायचंय?"

त्यांनी हात वर केला. हातात सुई होती. टोचून झाली होती.

"डायबेटिक फूट आहे," त्या म्हणाल्या. म्हणजे साखरेनं पायाच्या नसा मारून टाकलेल्या असतात. चप्पल लागते, जखम होते, आपल्याला पत्ता नाही. आत सडत जातं.

"मला साखर नाही," मी ठणकावून सांगितलं. "तपासलेली आहे." आणि खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. सही, शिक्का, आकडा अठ्ठ्याण्णव.

बाईंनी तो पाहिला, मग आताचा रिपोर्ट पाहिला. चारशेच्या वर. "हा कागद कोणी दिला तुम्हाला?"

तेव्हापासून डोक्यात एकच माणूस बसला. महेंद्रभाई.

हा हेल्थ सेंटरचा सर्व्हेवाला. चाळिशी उलटलेला, शर्ट आत खोचलेला. सहा महिन्यांपूर्वी भर दुपारी आमच्या गल्लीत, घडियाळी पोळमध्ये आला. आमच्याच ओटल्यावर, दारापुढच्या ओट्यावर बसला, कारण बाकीची दारं बंद. मी चहा दिला. तो फॉर्म काढून विचारत गेला. तंबाखू? मागे सून उभी होती, मी म्हटलं, "नाही." रोज चालता? हो. आजारी पडल्यावर कुठे जाता?

"मी आजारी पडत नाही."

"वाह दादा! तमे तो पहिलवान छो!"

मी फुगलो. खोटं कशाला सांगू. साखर तपासायचं मशीन त्याच्या पिशवीत होतं, ते पिशवीतच राहिलं. त्यानं आकडा लिहिला, मी पाहिलं, आणि मी गप्प बसलो. चांगलाच आकडा होता की.

मग म्हणाला, "दादा, बाजूवाळानुं पण तमे ज कही दो ने. तडको बहु छे." ऊन फार आहे, शेजाऱ्यांचंही तुम्हीच सांगा.

आता इथे माझी चूक. मी रेल्वेत फिटर होतो, शिकलेला तिसरी. पण पोळमध्ये कोणाकडे काय चाललंय ते लोक मलाच विचारत येतात, आणि मला ते आवडतं. मी सांगत गेलो. हे ठणठणीत, ते ठणठणीत, पलीकडच्या कुसुमवहिनी एकदम खणखणीत. दहा घरं. प्रत्येक फॉर्मखाली माहिती देणारा म्हणून माझी सही. संध्याकाळी घरोघरी आकड्यांच्या सही-शिक्क्याच्या चिठ्ठ्याही मीच वाटल्या, पोस्टमनसारख्या.

अंगठा कापला. अँप्युटेशन म्हणतात, म्हणजे सडलेला भाग काढून टाकणं, बाकीचा पाय वाचावा म्हणून. अकरा दिवस वॉर्डात होतो. रोज ड्रेसिंग, रोज बोटातून रक्त. शेजारच्या खाटेवरचा देवाचं नाव घ्यायचा, मी महेंद्रभाईचं. डॉक्टर विचारायचे, "काका, झोप लागली?" कशी लागणार? त्याची नोकरी कशी घालवायची हे ठरवत होतो.

सातव्या दिवशी कुसुमवहिनी भेटायला आल्या. चिकू सोलून द्यायला लागल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊजी, माझेही तळपाय हल्ली बधिर असतात हो. पण माझा कागद चांगला आलाय ना, म्हणून बरं."

मी चिकू खाल्ला. बोललो नाही काही. या गप्प राहण्याची मला लाज आहे, आणि ती इथे लिहिली पाहिजे.

टाके निघाल्यावर काठी घेऊन हेल्थ सेंटरला गेलो. बाकड्यावर दीड तास बसवलं. मोठ्या डॉक्टरांनी फाइल मागवली, महेंद्रभाईला बोलावलं. त्यानं माझा पाय पाहिला आणि तोंड पडलं त्याचं. मला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं.

डॉक्टरांनी अकरा फॉर्म पसरले. "काका, या सह्या तुमच्या?"

"माझ्याच."

महेंद्रभाईला धीर आला. "साहेब, दादाए ज कह्युं, बधा सारा छे." दादांनीच सांगितलं, सगळे बरे आहेत.

"मी सांगितलं!" मी काठी आपटली. "मी तर सांगेन राजा आहे म्हणून! मशीन तुझ्या पिशवीत होतं का माझ्या? पगार तुला होता का मला?"

डॉक्टर म्हणाले, "तक्रार लिहून द्या. चौकशी होईल, याला काढतील. पण तुम्हीही खोटी माहिती दिली, ते त्यात येईल."

बरोबर आलेली सुवर्णा कानाशी म्हणाली, "बाबा, पोळमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सोडून द्या."

सोडून देतो? माझा अंगठा गेला बाई. मी कागद मागितला. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण स्वतः लिहिलं. त्याचं नाव वर, माझं त्याच्या खाली.

आणि सांगितलं, "साहेब, याला काढाल तेव्हा काढा. त्याआधी हा उद्या मशीन घेऊन दहाही घरी जाईल. बरोबर मी. एकही घर ओटल्यावरून नाही."

महेंद्रभाई म्हणाला, "दादा, बहु तडको पडशे."

मी म्हटलं, "पडू दे."

त्या सर्जन बाईंचे उपकार आहेत, पाय राहिला. सुवर्णाचेही. महेंद्रभाईला मात्र मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. वाचणाऱ्याला एवढंच सांगतो: कोणी दारात आलं तर आधी मशीन बाहेर काढायला लावा. पहिलवान म्हणाला तर दोनदा काढायला लावा. रोज तळपाय आरशात बघा. आणि दुसऱ्याच्या रक्ताबद्दल आपण बोलू नका.

तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी महेंद्रभाईला पुढे घातला आणि काठी टेकत कुसुमवहिनींचा जिना चढलो. सतरा पायऱ्या. त्यांनी दार उघडलं, हात पिठाचा होता.

"भाऊजी! या अशा पायानं? काय झालं?"

महेंद्रभाई तोंड उघडणार, तेवढ्यात मी काठी त्याच्यासमोर आडवी धरली.

"वहिनी, तुमचा तो कागद खोटा आहे. लिहिणारा हा, आणि सांगणारा मी. हात धुऊन या आणि बोट द्या."