गृहविज्ञानात नापास होण्याचा बेत

गृहविज्ञानाच्या बाईंचा मला अजून राग आहे. बाई गेल्या, मीही आता जायच्या रांगेत उभी आहे, पण राग तसाच ताजा आहे. वयामुळे माणूस क्षमाशील होतो म्हणतात. ज्यांचे दात पडतात ते होत असतील, माझे अजून आहेत.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं तेव्हाची गोष्ट. चिखलीच्या आमच्या हायस्कुलात नववीला गट पडत. गणित-विज्ञान घेतलं की पुढे कॉलेजात सायन्सला जाता येई. शेतकी घेतली की सरकारी नोकरीची आशा. गृहविज्ञान घेतलं की नवऱ्याच्या घरी. गट निवडायचा असं म्हणत, पण निवडायचा तो मुलांनी. आमच्या वेळी हेडमास्तरांनी वर्गात येऊन एक हात हलवला, "मुली सगळ्या बाईंकडे," आणि आम्ही शेळ्यांसारख्या मान खाली घालून निघालो.

मला मात्र गणित हवं होतं. गणिताची आवड वगैरे होती असं समजू नका. पाढे म्हणताना मी सतराशी अडखळायची. झालं असं, की आमच्या शेताला लागून नवी सडक निघाली, तिच्या मोजणीला एक ओव्हरसियर आला. तीन पायांवर दुर्बीण ठेवायचा, एक डोळा मिटायचा आणि हात झटकायचा. हात झटकला की समोरची माणसं बाजूला! माझे वडील कुणाच्या बापाला न भिणारे, पण तेसुद्धा बैल वळवून धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे गेले. ते बघितलं आणि मी ठरवलं, हीच आपली नोकरी. सडक कुठे का जाईना, लोकांनी सरकलं पाहिजे. दुर्बिणीला हात लावायला गेले तर ओव्हरसियर खेकसला, "गणित येते का? नाही? मंग व्हय तिकडं!" म्हणून गणित. एवढी थोर माझी ज्ञानाची ओढ.

आणि मिळालं काय? रबरी बाहुली. तिला आंघोळ घालायची. बाई पुण्याकडच्या, कडक इस्त्रीचं पातळ, आमच्याकडे बघताना नाकाला बारीक मुरड. "आधी कोपराने पाण्याची धग बघायची, मग बाळाची मान अशी धरायची." माझ्या पाठीवर तीन भावंडं आणि तिघांनाही मीच घासून मोठं केलेलं. ती मुतायची, चावायची, निसटून अंगणात नागडी पळायची. ही बाहुली चुपचाप पडून होती. मी म्हटलं, "बाई, हे लेकरू रडत काऊन नाही? मेलं का?" मुली खुदखुदल्या. बाईंनी मला तासभर उभं केलं. तिथून आमचं वैर पडलं.

मी हेडमास्तरांकडे गेले, गट बदलून द्या म्हणाले. ते म्हणाले, "बाईंनी सोडलं तर जा." बाई म्हणाल्या, "कशाला सोडू?"

इथे माझ्या अकलेने उडी घेतली. मी विचार केला, शेतात कामचुकार गडी असला तर मालक त्याला हाकलतो. मग आपणही इतकं वाईट काम करायचं, की बाईंनी हात जोडून म्हणावं, घेऊन जा हिला. हा बेत मी शाळेच्या वाटेवर केला आणि स्वतःवर इतकी खूश झाले की ठेच लागून पडले. तेव्हाच समजायला हवं होतं.

कामाला लागले. बाहुलीला उकळत्या पाण्यात बसवलं, तिचा एक पाय वाकडा झाला तो कायमचा. झबल्याला दोन्ही बाह्या एकाच बाजूला शिवल्या. चाचणीच्या दिवशी स्टोव्हवर पोळी करायची होती. आठव्या वर्षापासून मी घरादाराच्या भाकरी थापत होते, पण त्या दिवशी एका बाजूने कोळसा आणि दुसऱ्या बाजूने कच्चं पीठ अशी पोळी बाईंच्या पुढ्यात ठेवली. तशी करायलाही कसब लागतं बरं.

बाईंनी पोळी दोन बोटांनी उचलली, सगळ्या वर्गाला दाखवली आणि म्हणाल्या, "बघा मुलींनो. गृहविज्ञानाची सर्वांत जास्त गरज कुणाला आहे ते बघा." मला नापास केलं, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्या एकटीसाठी जादा तास लावला. वर्गातली सगळ्यांत शहाणी मी, आणि साऱ्या शाळेत दुप्पट गृहविज्ञान शिकणारीही मीच.

तेवढ्यावर भागलं नाही. सोमवारी चिखलीचा बाजार. बाजारातून बातमी मिरच्यांच्या आधी जवळच्या आमच्या खेड्यात पोचली. शेजारची काकू मुद्दाम ओट्यावर येऊन आईला म्हणाली, "काय व माय, तुह्या पोरीले पोळी येत नाही म्हनते? शाळेत नापास झाली म्हनते पोळीत?"

आईने सुपातले दाणे पाखडता पाखडता हात थांबवला. मला काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसली आणि माझ्या आधी रस्त्याला लागली.

हेडमास्तरांच्या खोलीत बाईंना बोलावणं गेलं. आई खुर्चीवर बसली नाही.

"माह्या पोरीले पोळी येत नाही म्हनता तुमी?"

"नाही येत," बाई म्हणाल्या. "म्हणून तर शिकवतेय. घरी काही वळण दिलेलं दिसत नाही."

मी डोळे मिटले. आमच्या आईच्या चुलीला नाव ठेवून आजवर कुणी धड घरी गेलं नव्हतं.

पण आईने आवाज चढवला नाही. हेडमास्तरांकडे वळली. "सायेब, मी पोर धाडली तवा तिले पोळी येत होती. साऱ्या गावाले इचारा, आमच्या घरी जेवलेले लोक हायेत. तीन महिने या बाईच्या हाताखाली राह्यली, आता येत नाही. मंग बिघडवली कोनं?"

हेडमास्तरांनी बाईंकडे पाहिलं.

"एक बिघडली. बाकीच्याइच्या मायाले काय सांगता? मी तर सोमवारी बजारात साऱ्याइले सांगनार हाय. या शाळेत पोरी धाडू नका, हाताची कला जाते."

शाळेत मुली आधीच मोजक्या. हेडमास्तरांनी रुमालाने मान पुसली आणि आईपुढे खुर्ची सरकवली. "बाई, तुम्ही बसा तर खरं. हिला दुसरा गट देऊ. कोणता देऊ बोला."

"मले काय समजते गटाचं," आई म्हणाली. "जिथं चूल नाही तिथं टाका."

असं मला गणित मिळालं. दारातून निघताना बाई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "तिथे नापास झालीस ना, तर माझं दार बंद आहे."

"उघडं ठेवलं तरी येत नाही," मी म्हटलं. काय तोरा! नाकाचा शेंडा बहुतेक हेडमास्तरांच्या छताला लागला असेल.

यष्टीच्या थांब्यापर्यंत आई झपाझप पुढे चालली. मी मनात दुर्बीण लावून सगळ्या चिखलीला बाजूला सरकवत होते. इतक्यात दंडाला असा चिमटा बसला, की अजून आठवलं तरी हात तिकडे जातो.

"गहू फुकट येते का व? चांगली पोळी करपवताना लाज नाही वाटली?"

"तुले ठाऊक होतं?"

"तुह्या मायले ठाऊक नसन?" तिने दुसरा चिमटा काढला. "त्या बाईनं माह्या चुलीले नाव ठेवलं, म्हनून भांडली. तुह्यासाठी नाही. आता गनितात नापास होऊन दाखव मुद्दाम, मंग पाह्यतो."

सहामाहीला मी गणितात नापास झाले. मुद्दाम करायची गरजच पडली नाही. मास्तर फळ्यावर काय लिहीत ते मला कळत नव्हतं, मागून पोरं कुजबुजत, "पोळी करपली बे!" आणि व्हरांड्यातून जाताना बाई हसत. परत जायला दार नव्हतं, ते मीच तोऱ्यात लावून आले होते. रागापायी मग रोज पहाटे बीजगणिताच्या छाताडावर बसले. त्या बाईंना दुसऱ्यांदा हसू द्यायचं नाही, एवढंच ध्येय. मॅट्रिकला गणितात काठावर पास झाले. बुलढाण्याला कॉलेजात नाव घातलं, त्या दिवशी आईने पोळ्या केल्या आणि एक माझ्या ताटात मुद्दाम करपवून वाढली.

मी ती खाल्ली. न खाऊन जाते कुठे.