खळीच्या साड्या

इतक्या वर्षांनी इकडे परतल्यावर पुन्हा शाळेत शिकवायला जायचं, म्हणून आज साडीला साबुदाण्याची खळ केली आणि त्या वासासरशी घमापुरातल्या आईच्या घरची ती दुपार आठवली.

नवं लग्न, दुसऱ्या दिवशी परदेशी निघायचं. तिकडेही शिकवीन म्हणून मी खळीच्या साड्या बॅगेत ठेवत होते आणि नवरा एकेक साडी हळूच बाहेर काढत होता.

“ह्या काहून घेऊन राहिली? कमवायला मी आहे ना.”

“तिला नोकरी करायची आहे जी, जावईबापू,” आई म्हणाली.

“अच्छा? मला तर कोणी विचारलं नाही.” हसत हसतच त्यानं माझा पासपोर्ट स्वतःच्या खिशात घातला.

आईनं साड्या उचलून कपाटात ठेवल्या. “राहू दे. परत येशील तेव्हा लागतील.”

निघायच्या तोंडावर असं अभद्र बोलते म्हणून मी चिडले, तेही आईवरच.