मनूच्या मुठीतली कणीक

शिकवण्याविषयी काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नव्हतं. मराठीही माझी जयपूरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. कुठे चुकलं तर माफ करा. पण ही गोष्ट माझ्यासमोर घडली, म्हणून लिहितो.

मनू सोफ्यावर बसली होती आणि एक शब्दही बोलत नव्हती. समोर खुर्चीवर तिचे बाबा, म्हणजे साहेब, हातात पेन घेऊन, शाळेच्या मॅडम झालेले. नर्सरीच्या इंटरव्ह्यूची तालीम चालली होती. "राइम म्हण," असं ते तिला परत परत सांगत होते. तीच राइम आदल्या दिवशी तिने माझ्यासमोर स्वयंपाकघरात खणखणीत म्हटली होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चटईकडे पाहिलं.

साहेब बँकेत ऑफिसर. साताऱ्याहून बदली होऊन जयपुरात मानसरोवर भागात राहायला आलेले. इथे आल्यापासून साडेतीन वर्षांची मनू परक्यांपुढे गप्प राहायची. दोन शाळांनी ती बोलत नाही म्हणून परत पाठवली होती. आता तिसरी आणि शेवटची शाळा उरली होती. राइम कुठल्याही भाषेत चालेल, पण मुलीने बोललं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. इथेही झालं नाही तर आणखी एक वर्ष ती घरात, घरच्यांशिवाय कुणाशी न बोलता राहणार. मनूच्या आईला, वहिनींना, त्याचीच धास्ती होती.

माझं काम असं होतं. दुर्गापुऱ्यातल्या एक मॅडम आम्हा कॉलेजच्या मुलांना शिकवून घरोघरी पाठवायच्या. लहान मुलांना राइम अॅक्टिव्हिटी करून शिकवायच्या, मतलब तोंडात गाणं आणि हाताला काम. वाटीत राजमा टाकायचा, ओढणीखाली लपायचं. सामान त्या घरातलंच वापरायचं. मी जायचो तेव्हा वहिनी कणीक मळत असायच्या, म्हणून मनूसाठी मी कणीक निवडली. मराठी राइम मला येत नव्हत्या. एक आपली जुळवली:

लाटू लाटू पोळी,
आधी करू गोळी.
एक देऊ आईला,
एक देऊ बाबाला,
उरली ती दादाला.

दादा म्हणजे मी. मनू गोळ्या करत करत म्हणायची आणि शेवटची माझ्या हातावर ठेवायची.

सोफ्यावरचा प्रकार मी मॅडमना सांगितला.

"बच्ची को राइम नहीं आती," त्या म्हणाल्या. "उसे आटा आता है. अब आटा धीरे-धीरे घटाओ. एकदम मत छीनना."

दुसऱ्या दिवसापासून मी कणीक कमी करत गेलो. आधी पेरूएवढा गोळा, मग लिंबाएवढा. जागाही बदलत नेली. ओट्याजवळून दारात, दारातून हॉलमध्ये, शेवटी त्या सोफ्यावर. आवाज थोडा खाली यायचा, पण राइम पूर्ण व्हायची. शेजारच्या शर्मा आंटींना मॅडम म्हणून बसवलं, तेव्हाही झाली. मुठीत तेव्हा हरभऱ्याएवढी गोळी होती.

साहेब तालीम बघायला बसले की माझ्या हातातही एक गोळी असायची. मला मोठ्या माणसांसमोर बोलायला जमत नाही, बोटांना काहीतरी लागतं. वहिनींच्या ते लक्षात आलं.

"सर, मनूपेक्षा तुम्हीच जास्त मळता," त्या म्हणाल्या. शर्मा आंटी हसल्या. मनू मात्र माझ्या बोटांकडे बघत राहिली.

इंटरव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी मी रिकाम्या हाताने म्हणायला सांगितलं. तिने तोंड मिटून घेतलं. हातातले दिवस संपले होते आणि ती गोळी काही सुटली नव्हती. मी वहिनींना म्हटलं, उद्या मुठीत गोळी देऊनच न्या.

"आत मूठ उघडायला सांगितली तर?" साहेबांनी विचारलं.



"तर उघडेल," वहिनी म्हणाल्या. "कणीकच आहे, बाँब नाही."

आमच्या घरी फोन नव्हता. कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या पीसीओचा नंबर मी देऊन ठेवला होता. शनिवारी, इंटरव्ह्यूच्या दिवशी, शटर पडेपर्यंत तिथेच उभा राहिलो. फोन आला नाही. रविवारीही नाही. झालं नसेल म्हणूनच कळवत नसतील, असं मी धरून चाललो. सोमवारी कॉलेजातून येताना पीसीओवाल्या भैयांनी हात केला.

"मानसरोवर वाली मैडम हैं. सुबह से तीसरी बार."

फोनवर वहिनी म्हणाल्या, यादी आज लागली, मनूचं नाव आहे. मी विचारलं, गोळी पाहून शाळेतले काही बोलले का?

"गोळी आत गेलीच नाही. दारापर्यंत मूठ घट्ट होती. आमचं नाव पुकारलं तशी तिने ती माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, ही दादाची, त्याला लागते. आणि आत जाऊन रिकाम्या हाताने सगळी राइम म्हटली."

माझा आठवडा गोळीचा आकार मोजण्यात गेला होता. ती कुणाला लागते, हे मुलीने कधीच ठरवून टाकलं होतं.

"आता ती सुकलीय," वहिनी म्हणाल्या. "टाकू?"

"नको," मी म्हटलं. "मी येतो घ्यायला."