झोळीतल्या बाईचा फोटो

गेल्या पावसाळ्यात, एका दुपारी, डोंगरावरच्या ठाकुरवाडीतून एका अडलेल्या बाईला झोळीत घालून खाली आणलं. वाडीला रस्ता नाही. मूल पोटात आडवं होतं. कर्जतला पोचणं भाग होतं.

रस्त्याअभावी होणाऱ्या हालांवर आमचं दैनिक फोटोंची मालिका करत होतं. त्यासाठी मी वाडीत आलो होतो.

झोळी म्हणजे बांबूला बांधलेली गोधडी. ती वाटेत जमिनीला टेकवायची नाही, असा वाडीचा नेम. खांदेकरी बदलतात, झोळी थांबत नाही. मीही चालता चालता फोटो काढत होतो.

उतारावर रेंज आली आणि माझा फोन वाजू लागला. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगचं भांडण पेटलं होतं. माझ्या जागेत कुणीतरी गाडी लावली होती. पुढच्या खांदेकऱ्याने, बाईच्या दिराने, विचारलं, इतके कुणाचे फोन? मी सांगितलं.

"गाडी दारापत्तूर जाते ना?"

"जाते."

त्याने बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतला. मी ग्रुप बंद केला.

एक फोटो डेस्कला पाठवला. डेस्क म्हणजे ऑफिसात बसून पानावर काय जाणार ते ठरवणारी मंडळी. लगेच डेस्कवरच्या साहेबांचा फोन आला.

"चेहरा कुठाय? पदर बाजूला करायला सांग."

झोळीमागून सासू चालत होती. सुनेचं तोंड तिनेच पदराने झाकलं होतं. साहेबांचं म्हणणं मी तिच्या कानावर घातलं.

"तिचं तोंड पेपरात नको," ती म्हणाली. "वाटंचा काढ रं फोटू. तिला कुटं पदर हाय?"

दीर हसला. झोळीतून कण्हणं ऐकू आलं, तसा भराभर पाय उचलू लागला.

मी मागे राहिलो. निसरडी वाट, खांदेकऱ्यांच्या पाठी आणि लोंबणारी गोधडी, एवढंच फ्रेममध्ये घेतलं. साहेब कुरकुरले. फोटो छापला.

खाली ॲम्ब्युलन्स उभी होती. कर्जतला ऑपरेशन झालं. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या.

डिस्चार्जच्या दिवशी मी त्यांच्यासोबत परत गेलो. गाडी डोंगराच्या पायथ्याशी थांबली. टाके ओले होते. बाईला झोळीतूनच वर नेलं. मुलगी सासूच्या हातात होती.