मानबहादूरची हिरवी पानं

विमान खाली येऊ लागलं तेव्हा समुद्र कुठे संपतो आणि वाळू कुठे सुरू होते ते मला कळेना. दोन्हींचा रंग एकच, धुतलेल्या धोतरासारखा. जानेवारीची सकाळ होती. माझ्या मुलाने, महेशने, फोनवर "आई, इकडे नुसती भट्टी आहे" असं सांगितलेलं, म्हणून मी सगळ्या पातळ साड्याच आणल्या होत्या. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला. सून प्रिया हसली आणि आपली शाल माझ्या खांद्यांवर टाकत म्हणाली, "आई, ह्यांना इथला फक्त उन्हाळाच लक्षात राहतो. साइटवर उभं राहून राहून डोकं तापलंय."

त्यांचं घर दोह्यात, फरीज बिन ओमरान भागात तिसऱ्या मजल्यावर आहे. महेश एका नव्या स्टेडियमभोवतीच्या रस्त्यांचं काम बघतो. वर्ष संपायच्या आत वर्ल्ड कपचे सामने व्हायचे आहेत, म्हणून शहरभर खोदाखोद. काल ज्या वाटेने गेलो ती वाट आज नसते. सकाळी खिडकीतून बघावं तर धुक्यात उंच उंच क्रेन बगळ्यांसारख्या एका पायावर उभ्या. वाटायचं, आपण अजून विमानातच झोपलोय आणि हे सगळं स्वप्नात चाललंय.

दोघं कामावर गेली की मी एकटी. खालच्या दुकानातून खबूस (अरबी रोटी) आणायला जायचे ती जिन्याने. लिफ्टमध्ये कोणी काही विचारलं तर काय बोलायचं? दुकानदाराला दोन बोटं दाखवायचे, तो दोन खबूस द्यायचा. महिन्याभराचा मुक्काम असाच निघेल असं धरून चालले होते.

इथे शुक्रवारी सुट्टी. त्या शुक्रवारी प्रियाला मजऱ्यावर (शेतावर) जाऊन ताजी भाजी आणायची होती. महेशची गाडी उत्तरेकडे तासभर चालली. दोन्ही बाजूंना सपाट, दगडाळ वाळू. मग एक लांब भिंत आली, फाटक आलं आणि आत एकदम हिरवंगार. काकड्या, टोमॅटो, कोथिंबीर. डोळ्यांना इतका गारवा वाटला की मी गाडीतून उतरायचंच विसरले.

शेताची राखण करणारा मानबहादूर हा नेपाळचा. पन्नाशीचा, डोक्यावर लोकरीची टोपी. प्रिया काकड्या निवडत होती तेवढ्यात मी पाण्याच्या टाकीमागे गेले. तिथे भिंतीच्या आडोशाला रुंद पानांची दहा-बारा झाडं उभी होती. शेंडे खुडलेले, फुटवे काढलेले. तंबाखू! इतक्या लांब येऊन आपल्या गल्लीतलं माणूस भेटावं तसं झालं. पानाला हात लावला, बोटं चिकट झाली.

"दिदी, पहचानती हो?" मागून मानबहादूरने विचारलं.

मी नुसती मान हलवली. महेश म्हणाला, "पहचानती क्या, निपाणी की है! पूरा गाँव इसी में पला है।"

मानबहादूरचा चेहरा खुलला. त्याने आम्हाला काकडीच्या पेट्या ठेवायच्या खोलीत नेलं. आत एसी घरघरत होता आणि त्याच्यापुढे दोरीवर पानं टांगली होती. एका दोरीवरची वाळून कुरकुरीत झालेली, दुसरीवरची नुकती चारेक दिवसांची, अजून मऊ. पण सगळी हिरवी. वाळलेलीसुद्धा हिरवी, भेंडीसारखी.

त्याने सांगितलं ते असं. बियाणं त्याच्या वडिलांच्या परसातलं. मागच्या खेपेला त्यांनीच पुडी बांधून दिली, "बघ, वाळूत उगवतं का." अकरा वर्षांची नोकरी संपवून तो तीन आठवड्यांनी कायमचा घरी जाणार होता. वडिलांसाठी या पानांची एक जुडी न्यायची होती, त्यांच्या हुक्क्यासाठी.

"बा की आँखें चली गईं," तो म्हणाला. "रंग तो नहीं देखेंगे। लेकिन एक कश में जान जाएँगे। हमारे पहाड़ में ठंड में ही पत्ता पकता है। यहाँ ठंड इसी कमरे में है, तो यहीं टाँगा। फिर भी रंग नहीं आता।"

त्याची चूक मला बघताक्षणी कळली. पान तोडलं तरी काही दिवस जिवंत असतं. त्या दिवसांत ते सावकाश पिवळं होतं आणि मग वाळतं. पिवळं व्हायच्या आत वाळलं तर जन्मभर हिरवं राहतं आणि त्याचा धूर घशाला चावतो, माणूस खोकून खोकून बेजार होतो. त्याच्या डोंगरातली थंडी ओली असणार, धुक्याची. एसीची थंडी कोरडी. ती पानातलं पाणी पिऊन टाकत होती.

हे सगळं माझ्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. परका पुरुष, माझं हिंदी मोडकं. मी गाडीत जाऊन बसले. काकड्यांची पेटी मागे ठेवली, गाडी सुरू झाली, फाटक आलं.

"महेश, गाडी थांबीव."

"काय गं, काय राहिलं?"

"त्या माणसाला सांगायचं राहिलं."

मी महेशला समजावलं. वाळलेली पानं गेली, ती सोड म्हणावं. मऊ आहेत ती एकावर एक रच, देठ बाहेर, शेंडे आत. गोणपाटाने झाक, एसीपासून लांब ठेव. आणि रोज ढीग पालट, मधली पानं बाहेर, बाहेरची मध्ये. महेश काच खाली करून फाटकाशी उभ्या मानबहादूरला ओरडला, "भाई, एसी से निकालो, ढेर लगाओ, बोरी से ढक दो! बस!" आणि मला म्हणाला, "यल्ला (चला), आई, ट्रॅफिक लागेल."

सोमवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते. भाजलेल्या पोळ्या एकावर एक ठेवून फडक्याने झाकल्या. थोड्या वेळाने फडकं उचललं तर खालच्या पोळ्यांना घाम सुटलेला. माझ्या हातातलं लाटणं थांबलं. पालटायचं महेशने सांगितलंच नव्हतं! तीन दिवस न पालटलेला ढीग आतून तापतो आणि मधली पानं काळी पडून कुजतात. झाडावर राहिलेली पानं अजून कोवळी होती, ती त्याच्या निघण्यापर्यंत तयार होणार नव्हती. म्हाताऱ्याची जुडी त्या ढिगातच होती.

महेशला फोन लावला. "आई, मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बोलू," एवढंच म्हणून ठेवला. प्रिया उचलेना. काकडीच्या पेटीवर मानबहादूरने आपला नंबर लिहिला होता. मी ती पेटी मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसले. महेशने माझ्या फोनमध्ये इथलं सिमकार्ड घालून दिलं होतं, पण घरच्यांशिवाय कोणाला मी आपणहून फोन केला नव्हता. एकेक आकडा दाबला. पलीकडून "हॅलो" आलं आणि मी घाबरून बंद केला.

लगेच तोच फोन वाजला.

"कौन?"

"दादा, मैं... वो निपाणीवाली. महेश की आई."

"हाँ दिदी! बोलो।"

"ढेर में हात डालो. बीच में. अभी के अभी."

पावलांचा आवाज, दाराची कुरकुर. मग, "दिदी, गरम है! जैसे बुखार चढ़ा हो!"

"खोलो! सब खोलो!" मी ओरडले. दोह्यात आल्यापासून इतक्या मोठ्याने मी बोलले नव्हते. खिडकीतली कबुतरं उडाली. "बीच का बाहेर करो, बाहेर का बीच में. रोज करो. हात डाल के देखो, गरम लगा तो खोलो."

"बीच के काले हो गए, दिदी।"

"काले फेक दो. बाकी देखो."

पानं उलटल्याची सळसळ ऐकू आली. मग तो म्हणाला, "किनारे वाले पीले हैं। सच में पीले।"

त्यानंतर तो रोज दहाच्या चहाला फोन करू लागला. "दिदी, आज केले जैसा." "दिदी, आज हल्दी जैसा." पिवळी झालेली पानं मी त्याला पंपाच्या खोलीत खिडकीशी टांगायला सांगितली. प्रिया म्हणायची, "आई, आज काय म्हणाले तुमचे तंबाखूवाले?" आणि मला हसू यायचं.

त्याच्या निघण्याच्या आदल्या शुक्रवारी मी महेशला पहाटे पाचला उठवलं. वाळलेलं पान उन्हात हाताळलं तर चुरा होतो. दव पडून ते नरम होतं तेवढ्या वेळातच जुडी बांधायची, ही आमच्याकडची रीत. "सुट्टीच्या दिवशी पाच वाजता? तंबाखूसाठी?" महेश कुरकुरला, पण आला.

वाटभर धुकं होतं. वाळू नाही, आकाश नाही, फक्त गाडीच्या दिव्यांपुढे पांढरं काहीतरी तरंगत होतं. शेतावर मानबहादूरने पानं बाहेर बाजेवर पसरून ठेवली होती. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. पानं हातात ओल्या चामड्यासारखी मऊ लागत होती, रंग गुळासारखा. वास मधाचा, थोडा गवताचा. धुक्यात कुठेतरी पंप सुरू होता आणि कोंबडा आरवत होता. मी एक पान वळून त्याच पानाने देठं बांधून दाखवली. मनगटाएवढी एकच जुडी झाली.

"थोडा पी के देखो ना, भाई," महेश म्हणाला.

मानबहादूरने जुडी कापडात गुंडाळली. "बा से पहले नहीं।" मग फाटकाकडे बघत म्हणाला, "वर्ल्ड कप के लिए सारी दुनिया आ रही है, मैं जा रहा हूँ।" आणि स्वतःच हसला.

आठवड्याने मीही गावी आले. प्रवास संपला की माणूस हळूहळू घरात उतरतं. मला तर कित्येक दिवस चुलीपुढे बसलं तरी अंगाला धुकं लागल्यासारखं वाटे. एक शंका मात्र पोखरत होती. तीन दिवस तापलेला ढीग, आणि मी वेळेवर बोलले नाही. पान रंगाने पिकलं, पण आतून?

परवा मानबहादूरने फोनवर नुसता आवाज रेकॉर्ड करून पाठवला. शब्द नव्हतेच. हुक्क्याची गुडगुड, मग लांब ओढलेला दम. मी फोन कानाला घट्ट लावला आणि खोकल्याची वाट बघत राहिले. म्हाताऱ्याने धूर सोडला. तो सावकाश, शेवटपर्यंत सुटला. खोकला आलाच नाही. आणि मग पुन्हा गुडगुड सुरू झाली.