ट्रॅकवर राहिलेल्या चपला

…मटकी भिजत घातली, पिंप भरून घेतलं, बाल्कनीतल्या कढीपत्त्याला कालचं शिळं पाणी घातलं आणि किल्ली घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. आमच्याकडे रहाटणीत पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे पाण्याच्या दिवशी सगळं घर पाण्याच्या तालावर चालतं. पण तो गुरुवार होता आणि गुरुवार गाडीचाही वार आहे. कव्हर काढायचं, काच पुसायची, आत बसून इंजिन चालू करायचं, खिडक्या उघडायच्या आणि पुस्तकाची थोडी पानं वाचायची. मग इंजिन बंद, कव्हर घालायचं, वर यायचं.

आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली. गाडी तेव्हापासून तशीच उभी आहे. काळेवाडीच्या कोपऱ्यावरचे गॅरेजवाले सलीमभाई म्हणाले होते, "भाभी, गाडी विका नाहीतर ठेवा, पण आठवड्यातून एकदा चालू करत जा. बॅटरी बसेल." म्हणून मी चालू करते. शाळा माझी आठवीला सुटली. वाचायची गोडी पुढे रद्दीच्या दुकानातल्या जुन्या पुस्तकांमुळे लागली, आणि गाडीत जितकं वाचून होतं तितकं घरात होत नाही. आमचा वॉचमन सुरुवातीला विचारायचा, "काकू, कुठं निघालात?" आता विचारत नाही. गाडीच्या दाराबाहेर माझ्या चपला दिसल्या की काकू आत वाचत बसल्या आहेत, हे सगळ्या सोसायटीला समजतं.

चपला बाहेर, कारण तो आमच्या घरचा नियम. हे चाकणच्या एका कंपनीत शेवटच्या तपासणीवर होते. तयार झालेली गाडी लाइनवरून काढायची, फिरवून बघायची आणि यार्डात नेऊन लावायची. नव्या गाडीत बसताना बुटांवर कापडी पिशव्या चढवाव्या लागत. ती सवय यांनी घरी आणली. पिशव्या कुठून आणणार, म्हणून चपलाच बाहेर काढायच्या, आणि शेवटी बसणाऱ्याने सगळ्यांच्या गोळा करून डिकीत टाकायच्या. शेवटी बसणारे नेहमी हेच.

त्या गुरुवारी गाडीत बसलेली असतानाच प्राचीचा फोन आला. प्राची माझी मुलगी, वाकडला राहते.

"आई, गाडीला गिऱ्हाईक मिळालंय. रविवारी दहाला बघायला येतील. चालेल ना?"

चालेल म्हणाले. तिचं काही चुकत नव्हतं. मला लायसन्स आहे, पण हे डावीकडे बसल्याशिवाय मी कधी गाडी चालवली नाही. मी चालवायची आणि हे डावीकडून "गिअर… गिअर म्हटलं ना" असं म्हणत उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबायचे. त्या बाजूच्या मॅटला त्या पायाचा खळगा पडला आहे. ती सीट रिकामी ठेवून रस्त्यावर जायचं धाडस दोन वर्षांत झालं नाही. न चालणारी गाडी किती दिवस ठेवणार?

"आणि अजून एक," प्राची म्हणाली. "तुझ्या जावयाने शनिवारचं एक बुकिंग केलं होतं. चाकणजवळ बंद ट्रॅकवर स्पोर्ट्स कार आणि ऑफ-रोड ट्रक चालवायला देतात. आता ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आलंय, सुट्टी नाही. पैसे परत मिळत नाहीत. तुझं लायसन्स आहे, तू जा. सोबत एकजण चालतो."

"मी काय करू तिथे?"

"गाडीत बसून पुस्तक वाच," ती म्हणाली.

सोबतीला आक्का होत्याच. आक्का म्हणजे यांची थोरली बहीण, राहणार चाकणपलीकडच्या गावात. कवळी बसवून घ्यायला आठवडाभर माझ्याकडे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "फुकाट हाय ना? मग चल की."

आता जाणाऱ्यांसाठी रस्त्याचं सांगते. रहाटणीहून कॅब करा, पण चाकण असं टाकलंत की दोन-तीन जण राइड रद्द करतील. आम्हाला चौथा मिळाला, तोही वाटभर "तिकडून परतीचं भाडं मिळत नाही" हेच ऐकवत होता. नाशिक फाटा, भोसरी, मोशी आणि पुढे सरळ. पहिल्या शिफ्टच्या बस गेल्यानंतर आणि कंटेनर सुरू व्हायच्या आधी निघावं, असं सगळे सांगतात. अशी वेळ कुणाला सापडली तर मलाही कळवा. मोशीच्या पुढे आम्ही मिसळ खाल्ली. मिसळ चांगली, पण तिखट सांगितलंत तर खरंच तिखट देतात. आक्कांनी कवळी काढून रुमालात ठेवली आणि पाव रश्श्यात बुडवून खाल्ला. "दात येगळे, जेवण येगळं," म्हणाल्या.

मोशीनंतरच्या खड्ड्यांतून कॅब अशी चालली होती की आक्कांनी विचारलं, "ट्रॅक सुरू झाला व्हय?"

ट्रॅक कंपन्यांच्या भिंतींमागे आहे. गेटवर एक कागद सही करायला देतात. काही झालं तर आम्ही जबाबदार नाही, असं त्यात चार प्रकारे लिहिलेलं असतं. आक्कांनी मला तो वाचून दाखवायला लावला आणि टेबलामागच्या मुलीला विचारलं, "मग जबाबदार कोन?"

"तुम्ही, आजी."

"मी तर मागं बसनार हाय."

मग हेल्मेट. बायकांनो, अंबाडा घालून जाऊ नका. माझा तिथे सोडावा लागला आणि वेणी घालावी लागली. आक्कांपुढे वेगळाच प्रश्न होता. पदर हेल्मेटच्या आत घ्यायचा की बाहेर? दोन्ही करून पाहिलं. आत घेतला तर हेल्मेट बसेना, बाहेरून घेतला तर पदर सरकेना, म्हणून बाहेरून घेतला. आमच्या रांगेत निगडीचे तीन-चार तरुण होते, हातमोजे वगैरे घरून घेऊन आलेले. त्यांतला एक आक्कांना म्हणाला, "आजी, एक नंबर दिसताय." आक्का म्हणाल्या, "तू बी बरा हायेस."

आमच्यासाठी शिंदे नावाचे प्रशिक्षक होते. मूळचे परभणीचे, वय पन्नाशीच्या आसपास, भलतेच शांत. आक्कांना सावलीत बसवून ते मला स्पोर्ट्स कारकडे घेऊन गेले. पिवळी गाडी, माझ्या कमरेइतकीसुद्धा उंच नाही. त्यात बसणं म्हणजे पाटावर बसण्यासारखंच, फक्त पाट दाराच्या आत आहे. बसले कशी ते विचारू नका. उठताना काय होईल याचीच काळजी लागली होती.

शिंदे म्हणाले, "मॅडम, ऑटोमॅटिक हाय. डावा पाय इसरून जा."

इतकी वर्षं सांभाळलेला पाय असा विसरता येतो का? गाडी सुटली, आवाज वाढला, आणि माझ्या डाव्या पायाने सवयीने क्लच दाबला. तिथे क्लच नव्हता, ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थांबली. शिंद्यांची टोपी पुढच्या काचेपर्यंत जाऊन आली.

"इसरा म्हणलं होतं," ते टोपी घालत म्हणाले.

दुसऱ्यांदा जमलं. सरळ रस्त्यावर त्यांनी "दाबा" म्हटलं, मी दाबलं, आणि पाठ सीटला अशी चिकटली की वाटलं मागून कुणी खेचतंय. मजा आली. ती आली हे लिहिताना थोडं चोरट्यासारखं होतं, पण आली. पुढे वळण आलं आणि मी हॉर्न वाजवला. इंडिकेटरही दिला.

"मॅडम, समोरून कोणी येणार नाही. बंद ट्रॅक हाय."

"तरी."

पुढच्या वळणालाही वाजवला. वळणावर हॉर्न दिला नाही तर यांनी जेवणापर्यंत अबोला धरलेला मी पाहिला आहे. चौथ्या वळणाला शिंद्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच म्हणाले, "वाजवा."

फेरी संपते तिथून ट्रकचा भाग सुरू होतो, म्हणजे सुटलो त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. शिंद्यांनी दार उघडलं, मी दोन्ही हातांनी स्वतःला वर ओढलं, पाय बाहेर ठेवला आणि लगेच आत घेतला. होळी होऊन गेली होती. डांबर तव्यासारखं तापलं होतं आणि पायात चपला नव्हत्या.

तेवढ्यात शिंद्यांच्या हातातलं वायरलेस बोलायला लागलं. "सर, पुढची गाडी थांबवलीये. पिवळा झेंडा टाकलाय. ट्रॅकवर काहीतरी पडलंय."

"काय पडलंय?"

"चपला आहेत सर. लेडीज. नीट जोडून ठेवल्यात."

"आन माणूस?"

"माणूस दिसत नाही."

शिंद्यांनी हळूहळू माझ्या पायांकडे पाहिलं. मी गाडीच्या दारात पाय वर घेऊन बसले होते. बसताना काढल्या होत्या, दाराजवळ, देवळाबाहेर काढतात तशा. मला आठवतही नव्हतं. डिकीत टाकणारं माणूस मागे नाही, एवढंच लक्षात राहिलं नव्हतं.

चपलांसाठी अख्खा ट्रॅक थांबला. निगडीची मुलं हातमोजे घालून ओळीत उभी. मग थांबवलेल्या त्या मागच्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या सीटवर बसून माझ्या चपला आल्या. मी बसले होते त्यापेक्षा ऐटीत. सावलीतून आक्का हसत होत्या ते इथवर ऐकू येत होतं.

"गाडीत बसताना चपला का काढल्या पण?" शिंद्यांनी विचारलं.

मी यांचं सांगितलं. कंपनी, शेवटची तपासणी, बुटांवरच्या पिशव्या. शिंद्यांनी चपला माझ्या पायांजवळ आणून ठेवल्या. मग म्हणाले, "आमचा बाप ट्रॅक्टरवर बसताना काढायचा. लक्ष्मी म्हणायचा." त्यानंतर त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही, ताई म्हणायला लागले.

ट्रक म्हणजे एखादी खोलीच. चढायला पायरी लागते. आक्कांना तिथल्या एका मुलाने गाडीतून इथवर आणलं. त्या मागे बसल्या, कवळी काढून पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. समोर ट्रॅकवाल्यांनी मुद्दाम बनवलेला रस्ता होता. खड्डे, चिखल, मोठे दगड, एक कलता उतार आणि शेवटी मातीची उंच टेकडी. आक्कांनी काचेतून सगळं पाहून घेतलं.

"एवढा पैका घालून रस्ता नासला व्हय ह्यांनी? आमच्या गावचा न्हेला असता तर फुकाट दिला असता."

खड्ड्यांतून शिंदे शेजारी बसून होते. "ब्रेक हळू सोडा. बाकीचं गाडी करती." गाडीने केलं. कलत्या उतारावर ट्रक इतका वाकला की आक्का एका दारावरून दुसऱ्या दाराकडे घसरत गेल्या, आणि जाताजाता म्हणाल्या, "ह्या अंगाला पयली आमची शेरडं चरायची."

टेकडीपाशी आलो आणि शिंद्यांनी सीटबेल्ट सोडला.

"कुठे निघालात?"

"टेकडीच्या तोंडाला गाडी वर बघती, ताई. रस्ता दिसत नाही, नुसतं आभाळ दिसतं. म्हणून एकजण खाली उतरून पुढं उभा राहतो, हातानं दाखवतो. असंच करतात."

"म्हणजे इथे कोणी बसणार नाही?"

"मी पुढं हाय ना."

दार लागलं. डावीकडची सीट रिकामी झाली. मी तिच्याकडे बघत बसले, किती वेळ ते माहीत नाही. शिंदे टेकडीवर चढून उभे राहिले. आक्का मागून म्हणाल्या, "मंगल."

"जमणार नाही, आक्का."

आक्का पुढे वाकल्या. कवळी नसल्यामुळे त्यांचे शब्द मऊ येत होते. "त्यो बसायचा तवा तरी चालवायचीस तूच ना? त्यो नुसता वरडायचा."

मी ब्रेक सोडला. बॉनेट वर गेलं, टेकडी गेली, शिंदे गेले, समोर फक्त पांढरं आभाळ राहिलं. मग बॉनेटच्या कडेला एक हात दिसला. बोटं आत-बाहेर करणारा. आणि पुढून आवाज आला, "येऊ द्या… येऊ द्या… येऊ द्या…"

आमच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मध्ये गाडी लावताना हे मागे उभे राहून असंच म्हणायचे. तोच हात, तोच सूर. जगातल्या सगळ्या पुरुषांना हे कोण शिकवतं माहीत नाही. मी येऊ दिली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हेल्मेटमुळे पुसता येत नव्हतं, म्हणून तसंच येऊ दिलं. गाडी माथ्यावर आली, पुढे कलली, आणि सगळा उतार दिसला.

"बास," शिंदे म्हणाले आणि बॉनेटवर दोनदा थाप मारली.

खाली उतरल्यावर आक्कांनी गाठ सोडली, कवळी बसवली आणि नीट उच्चारात म्हणाल्या, "आता च्या पाज."

परतीला कॅब लवकर मिळत नाही, ती गेटवर पोचल्या पोचल्या बोलवायला लागा. पाण्याची बाटली ठेवा. कंबर दुखत असेल तर ट्रक नको, गुडघे दुखत असतील तर स्पोर्ट्स कार नको, आणि दोन्ही दुखत असतील तर माझ्यासारखं जाऊन या, कारण बाकी सगळं शेकल्यावर बरं होतं. चपला पायातच ठेवा.

संध्याकाळी प्राचीचा फोन आला. "कशी होती गाडी?"

"कुठली? पिवळी की मोठी?"

"आई, दोन्ही चालवल्यास?"

"आक्कांना विचार."

"बरं, उद्या दहाला ते लोक येतील. कागद काढून ठेव."

कागद काढले. आरसी, विमा, दोन किल्ल्या. टेबलावर ठेवून बराच वेळ त्यांच्यासमोर बसले. खांदे दुखत होते. पिवळ्या गाडीचा वेग एव्हाना अंगातून उतरला होता. राहिला होता तो बॉनेटच्या कडेला दिसलेला हात, आणि बंद ट्रॅकवर मी वाजवलेले सगळे हॉर्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिऱ्हाइकाला फोन करून गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. चपला काढून मागच्या सीटखाली ठेवल्या, आक्कांना पुढे बसवलं, त्यांच्या गावी सोडलं आणि गाडी घेऊन एकटी परत आले.